तीन टक्के, पाच टक्के की आठ टक्के?

वाचकाचं पत्र

आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे आणि शेजारीच मशीन शॉप. दोन्हीकडे मिळून १४० माणसं. चार वर्षांपासून एसएपी बिझनेस वन हे ईआरपी (खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा, मशीन आमच्याच ऑफिसात. मी अकाउंट्स बघते, आणि हळूहळू सिस्टिमचं कामही माझ्याकडेच आलं आहे. साहेबांना रोज सकाळी मोबाईलवर उत्पादन, रिजेक्शन, डिस्पॅच आणि येणी दिसायला हवीत. सध्या पीपीसीचे (उत्पादन नियोजनाचे) काका एक्सेलमध्ये सगळं जुळवतात, त्यात अकरा वाजतात. तिमाही मीटिंगमध्ये जूनचं रिजेक्शन उत्पादन विभागाने ३ टक्के सांगितलं, क्वालिटीने साडेपाच, मी आठ. साहेब चिडले आणि म्हणाले, "चांगलं सॉफ्टवेअर घ्या एकदाचं." आता आकडे स्क्रीनवर दाखवायला समोर तीन पर्याय आहेत: मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय, आमच्या ईआरपी पार्टनरचा (ईआरपी बसवून सांभाळणाऱ्या कंपनीचा) स्वतःचा डॅशबोर्ड, आणि माझा भाचा सुचवतो ते फुकटातलं मेटाबेस. छापील रिपोर्ट काढणारं क्रिस्टल रिपोर्ट्स आहेच, पण त्यात एक कॉलम वाढवायचा तरी पार्टनरला पैसे द्यावे लागतात. काय घ्यावं? शिवाय काका म्हणतात, "माझं एक्सेल बंद करून तर बघा." त्यांना कसं समजवू?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. पॉवर बीआय घ्या, पण आज नको. दोन महिन्यांनी घ्या, आणि पाचच लायसन्स घ्या. क्रिस्टल आहे तसं राहू द्या, त्याचं काम वेगळं आहे. पार्टनरचा डॅशबोर्ड घेऊ नका. मेटाबेस चांगलं आहे, पण ते सांभाळणारं माणूस तुमच्या ऑफिसात रोज बसतं का, यावर त्याचा निर्णय होईल. आणि काकांचं एक्सेल इतक्यात बंद करू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, तिच्याकडे येतोच.

आधी ते तीन आकडे. मीटिंगमध्ये कुणीही खोटं बोललेलं नाही, हे साहेबांना पहिल्यांदा सांगा. तुमचे खरे नग मला माहीत नाहीत, म्हणून हिशेबाला सोपे आकडे धरतो. समजा जूनमध्ये १०,००० नग ओतले, एकूण वजन ८० टन. फेटलिंगपर्यंत (ओतलेला नग घासून साफ करेपर्यंत) ३०० नग बाद झाले. उत्पादन विभागाने तेवढेच मोजले: ३ टक्के. उरलेला माल मशीन शॉपला गेला. जुलैत पहिला कट घेतल्यावर आतले ब्लो होल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडले आणि जूनच्याच ओतकामातले आणखी २०० नग गेले. ऑगस्टमध्ये ग्राहकाकडून ५० परत आले. झाले ५५०, म्हणजे साडेपाच टक्के. क्वालिटीवाले हे धरतात. आता वजनाने बघा. बाद झालेल्यांत मोठ्या हाउसिंगचा भरणा जास्त असेल, तर त्या ५५० नगांचं वजन ६.६ टन भरू शकतं. ८० टनांवर सव्वाआठ टक्के. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुमचा चार्ज (भट्टीत टाकलेला धातू), वीज सगळं किलोवर बसतं, म्हणून तुम्ही आठ सांगितले.

एकच जून, एकच भट्टी, आणि हे सगळे आकडे खरे. बाजारातलं सगळ्यात महागडं साधन आणून बसवलं तरी ते हेच आकडे दाखवेल, फक्त रंगीत गोलांमध्ये. मग भांडण थांबणार नाही, उलट प्रत्येक जण आपापला स्क्रीन पुढे करेल.

म्हणून पहिलं काम कागदावरचं आहे. साहेबांना रोज बघायचे ते दहा-बारा आकडे घ्या, आणि प्रत्येकासमोर लिहा: नाव काय, नगात की किलोत, कुठली तारीख धरायची, सिस्टिममधल्या कुठल्या एन्ट्रीवरून येतो, आणि चुकला तर कुणाला विचारायचं. रिजेक्शनला दोन नावं द्यावीच लागतील. एक "ओतल्या तारखेचं", दुसरं "सापडल्या तारखेचं". पहिलं फाउंड्रीच्या फोरमनला हवं असतं, कारण त्याला त्या हीट नंबरला (भट्टीच्या त्या एका घाण्याला) वाळूतला ओलावा किती होता, धातूचं तापमान काय होतं हे शोधायचं असतं. त्याला जुलैत सापडलेला दोष जुलैच्या खात्यात टाकून काही उपयोग नाही. दुसरं तुम्हाला हवं, कारण पुस्तकं महिन्याला बंद होतात. दोन्ही ठेवा, फक्त नुसतं "रिजेक्शन" हा शब्द कुठल्याही रिपोर्टवर राहू देऊ नका. आणि ओतल्या तारखेचा आकडा ऑगस्ट संपेपर्यंत वाढतच जाणार आहे, तेव्हा त्याच्या शेजारी "आजपर्यंत" असं छापा. नाहीतर पुढच्या मीटिंगमध्ये साहेब विचारतील, जूनचे तीन होते त्याचे पाच कसे झाले?

रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) रिजेक्शनमध्ये मिसळू नका. तो यील्डचा (ओतलेल्यापैकी किती धातू नगात आला याचा) विषय, वेगळी ओळ. आणि बाद नगाची किंमत मांडताना "धातू परत भट्टीत जातो, मग नुकसान काय" असं म्हणणारं कुणीतरी भेटेलच. धातू परत येतो. वितळवायला लागलेली वीज, कोअर (नगातली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), मजुरी आणि मशीनचा गेलेला वेळ येत नाही. फेटलिंगला बाद झालेला नग आणि तीन ऑपरेशन झाल्यावर बाद झालेला नग एकाच रकान्यात बेरीज करून दाखवणारा रिपोर्ट मालकाची फसवणूक करतो, असं मी सरळ म्हणेन.

हे कागद तयार झाले की साहेबांची सही घ्या. आठवडाभर वाद होतील, होऊ द्या. ते वाद विक्रेत्याच्या माणसासमोर, त्याच्या दिवसाच्या बिलावर होण्यापेक्षा तुमच्या टेबलावर झालेले बरे.

दुसरं काम एका दुपारचं आहे. बिझनेस वनमध्ये प्रत्येक डॉक्युमेंटला ज्या तारखा असतात, त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या: पोस्टिंग डेट, जी ऑपरेटर स्वतः टाकतो, आणि एन्ट्री खरोखर केल्याची तारीख, जी सिस्टिम आपोआप नोंदवते. क्वेरी मॅनेजरमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या त्यातल्याच सोयीत) मागच्या तीन महिन्यांच्या प्रॉडक्शनच्या इश्यू (कामाला काढलेला माल) आणि रिसीटसाठी (तयार होऊन जमा झालेला माल) या दोन तारखांमधलं अंतर काढा. मी जिथे जिथे हे करून बघितलं, तिथे तिसऱ्या पाळीची एन्ट्री दुसऱ्या दिवशी दुपारी झालेली दिसली, आणि महिनाअखेरीला तर तीन-चार दिवसांच्या एन्ट्र्या एकाच संध्याकाळी. तुमच्याकडेही असं निघालं, तर सकाळी आठ वाजता मोबाईलवर दिसणारा आकडा परवाचा असेल. दर पंधरा मिनिटांनी रिफ्रेश होणाऱ्या डॅशबोर्डला जास्तीचे पैसे देण्यात काय अर्थ मग? तो खर्च शॉप फ्लोअरवर एक कॉम्प्युटर, एक बारकोड स्कॅनर आणि पाळी सुटायच्या आधी एन्ट्री करून घेणारा माणूस यांवर करा.

तोवर साहेबांना हात हलवत बसवू नका. तुमच्याकडे आत्ता, आणखी एक रुपयाही न घालता, क्वेरी मॅनेजर आणि अलर्ट आहेत. साठवून ठेवलेल्या क्वेरीला वेळापत्रक लावून तिचं उत्तर ठरलेल्या माणसांना पाठवता येतं. पंधरा दिवसांवर रिलीज होऊन पडलेल्या प्रॉडक्शन ऑर्डर, ६० दिवसांवर गेलेली येणी, आज जायला हवं होतं पण गेलं नाही ते डिस्पॅच: या तीन याद्या सकाळी साहेबांना गेल्या, तरी निम्मी चिडचिड कमी होईल. ज्या कंपन्या आधीच पैसे मोजून घेतलेल्या गोष्टी न वापरता नवं साधन शोधत फिरतात, त्यांची मला खरंच काळजी वाटते.

आता साधनांकडे येऊ.

क्रिस्टल रिपोर्ट्स हे कागदासाठीचं साधन आहे. टॅक्स इन्व्हॉइस, डिलिव्हरी चलन, टेस्ट सर्टिफिकेट, पेटीवरचं लेबल, जिथे प्रत्येक रेघ मिलिमीटरमध्ये जागेवर हवी, तिथे ते उत्तम. बोटाने टॅप करून आत आत जाण्यासाठी ते बनलेलंच नाही. त्याला मोबाईलवर आणायचा खटाटोप करू नका. मात्र एक कॉलम वाढवायला पार्टनरला पैसे द्यावे लागतात हे थांबवण्यासारखं आहे. तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या मुलाला आठवडाभर बसवून शिकवा. साधे बदल त्याला जमतील.

पार्टनरच्या डॅशबोर्डला मी नको म्हणतो ते तो वाईट असेल म्हणून नाही. कदाचित उद्याच सुरू होईल, दिसायलाही छान असेल. पण आज क्रिस्टलच्या एका कॉलमसाठी तुम्ही ज्याच्या दारात उभ्या राहता, त्याच दारात उद्या प्रत्येक आकड्यासाठी उभं राहावं लागेल. साहेबांचा फारच आग्रह झाला तर लेखी विचारा: आतल्या क्वेरी आम्हाला बघायला मिळतील का, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) थांबवली तर स्क्रीन चालू राहील का, आणि आमचा माणूस त्यात बदल करू शकेल का. तीनपैकी एकाला जरी "नाही" आलं, तर विषय संपला.

मेटाबेसबद्दल भाच्याचं बरोबर आहे. खुल्या स्रोताची आवृत्ती खरोखर फुकट आहे, एसक्यूएल सर्व्हरला जोडता येते, क्वेरी न येणारा माणूसही क्लिक करून प्रश्न विचारू शकतो, आणि डॅशबोर्ड ठरलेल्या वेळी ईमेलने जातो. बघणाऱ्या माणसांमागे पैसे नाहीत. ज्यांना ५० जणांना रिपोर्ट दाखवायचे आहेत त्यांना मी हेच सुचवतो. पण ते तुमच्या मशीनवर चालणार, म्हणजे बॅकअप, अपडेट, सुरक्षा तुमच्याकडे. सुरुवातीला ते स्वतःची माहिती एका साध्या फाइलमध्ये ठेवतं. ती पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये हलवली नाही आणि मशीन बिघडलं, तर मेहनतीने बांधलेले सगळे डॅशबोर्ड जातात. शिवाय "या सेल्सवाल्याला फक्त त्याचेच ग्राहक दिसावेत" अशी ओळीओळीची परवानगी हवी असेल तर ती पैशाच्या आवृत्तीत आहे. भाचा कोल्हापुरात राहून दर महिन्याला बघणार असेल तर करा. तो पुढच्या वर्षी बंगळूरला नोकरीला जाणार असेल तर नको.

पॉवर बीआय मी सुचवतो कारण तुमच्याकडे एक्सेल जाणणारी माणसं आहेत. त्यातलं डेटा ओढून स्वच्छ करणारं पॉवर क्वेरी नेमकं तेच आहे जे एक्सेल २०१६ पासून एक्सेलच्या आतच मिळतं. म्हणजे काकांनी आणि तुम्ही एक्सेलमध्ये जे शिकाल ते वाया जाणार नाही. रिपोर्ट बनवायचं डेस्कटॉप ॲप फुकट आहे, विंडोजवर चालतं. पैसे लागतात ते वाटण्यासाठी, आणि इथे बरेच जण फसतात. बनवणाऱ्यालाच नाही, नुसतं बघणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, मोठी क्षमता विकत घेणाऱ्या कंपन्यांची गोष्ट सोडा. एप्रिल २०२५ पासून त्याचा दर माणशी महिना १४ डॉलर झाला. पाच जणांचे महिन्याला ७० डॉलर, वर्षाला ८४०. रुपयांतला दर आणि त्यावरचा जीएसटी वितरकाकडून लेखी घ्या. साहेब, तुम्ही, काका, क्वालिटी आणि डिस्पॅच, एवढी पाच माणसं पुरेत. बाकीच्यांना सकाळच्या कागदाची प्रिंट नोटीस बोर्डवर लावा, आमच्याकडच्या कारखान्यांत तो बोर्ड अजूनही सगळ्यात जास्त वाचला जातो.

सर्व्हर ऑफिसात असल्यामुळे गेटवे नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर सतत चालू राहणाऱ्या कॉम्प्युटरवर बसवावं लागेल. ते तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर बसवू नका, तुम्ही रजेवर गेलात की साहेबांचा मोबाईल गप्प. प्रोमध्ये दिवसाला आठ वेळा रिफ्रेश ठरवता येतो, तुमच्या एन्ट्र्यांचा वेग बघता तो भरपूर आहे. खातं उघडायला कंपनीच्या डोमेनचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा: त्यात "पब्लिश टू वेब" असं एक बटण आहे. ते दाबलं की लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला रिपोर्ट दिसतो, लॉगिन न करता. घाईत मोबाईलवर दाखवायला म्हणून कुणी ते दाबतं आणि ग्राहकवार दर जगाला उघडे होतात. प्रशासकाकडून ते बंद करून घ्या.

साधन कुठलंही घ्या, हिशेब त्याच्या आत ठेवू नका. पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी हे जवळून पाहिलं. तिथल्या एका हुशार मुलाने ४० पानांचा देखणा डॅशबोर्ड बांधला होता. सगळी सूत्रं त्या एका फाइलमध्ये. मुलगा दुसरीकडे गेला. काही महिन्यांनी एका आयटमचं युनिट किलोवरून नगावर बदललं, डॅशबोर्डचे आकडे वेडेवाकडे झाले, आणि ती फाइल उघडून आत काय आहे ते समजणारं कुणी उरलं नव्हतं. मलाही ते सोडवायला दोन आठवडे लागले. तोवर सगळे गुपचूप एक्सेलवर परतले होते.

म्हणून त्याच सर्व्हरवर रिपोर्टसाठी एक वेगळा डेटाबेस करा आणि त्यात व्ह्यू बनवा. व्ह्यू म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी. "ओतल्या तारखेचं रिजेक्शन" हा एक व्ह्यू, "सापडल्या तारखेचं" हा दुसरा. सही झालेल्या कागदावरची प्रत्येक ओळ अशी एकदाच लिहायची. मग एक्सेल, पॉवर बीआय, क्रिस्टल सगळे तिथूनच वाचतील. उद्या साधन बदललं तरी हे तुमचंच राहील. वेगळा डेटाबेस अशासाठी, की ईआरपी अपग्रेड करताना तुमची वस्तू मध्ये येऊ नये. महिनाअखेरीला जड रिपोर्टमुळे बिलं निघायला वेळ लागत असेल, तर रात्रीच्या बॅकअपची प्रत दुसरीकडे उभी करा आणि रिपोर्ट तिच्यावरून चालवा.

रिपोर्टच्या साधनाला फक्त वाचण्याचा लॉगिन द्या. कुणी म्हणेल, "डॅशबोर्डवरूनच प्लॅन बदलू, थेट टेबलमध्ये लिहू." ठाम नाही म्हणा. बिझनेस वनच्या टेबलांत बाहेरून थेट बदल केले की सपोर्ट हातचा जातो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं बंधनकारक आहे. मागच्या दाराने केलेल्या बदलाचा माग राहत नाही, आणि ऑडिटरसमोर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

भट्टीच्या वीजमीटरचे दर सेकंदाचे आकडे याच डॅशबोर्डवर आणा असा आग्रह कधीतरी होईल. तो डेटा वेगळ्या जातीचा, त्याला ग्राफानासारखं साधन शोभतं. तो वेगळा ठेवा, आणि पुढच्या वर्षी बघा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट असेल तर त्याचा स्वतःचा रिपोर्ट बिल्डर आधी पुरेपूर वापरून बघा. टॅलीवाल्यांना ओडीबीसीने (दोन सॉफ्टवेअरमध्ये डेटा जोडायच्या एका ठरलेल्या पद्धतीने) एक्सेलमध्ये डेटा ओढता येतो, बऱ्याच छोट्या कारखान्यांना तेवढं पुरतं.

आता काका. त्यांचं वाक्य तुम्ही धमकी म्हणून ऐकलंत, असं पत्रावरून वाटतं. मला त्यात भीती ऐकू येते. इतकी वर्षं ज्या माणसाच्या आकड्यावर डिस्पॅच निघाले, त्याला एका सकाळी मोबाईलचा स्क्रीन दाखवून "आता तुमची गरज नाही" असं सुचवलं जातंय. आणि ते एक्सेल नुसती बेरीज नाही. सिस्टिममधून आकडा काढल्यावर ते त्यात हाताने काहीतरी दुरुस्त करतात. अकरा वाजतात ते त्यामुळेच. अमुक आयटम कोडचा एक नग म्हणजे खरं तर दोन कास्टिंगची जोडी, तमुक जॉबवर्कवाल्याकडे गेलेला माल चलनावर आहे पण स्टॉकमधून अजून हललेला नाही, अमुक ऑपरेटर चांगले आणि बाद एकत्र टाकतो. हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात आणि त्या पिवळ्या रंगवलेल्या सेलमध्ये आहे.

चार दिवस सकाळी आठ ते अकरा त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा. शिकायला आलेय असं सांगून बसा, आणि खरोखर शिकाच. प्रत्येक दुरुस्तीला विचारा, "काका, हे का बदललंत?" तुम्हाला वीस-पंचवीस कारणं मिळतील. काही मास्टर (आयटमची सिस्टिममधली मूळ नोंद) दुरुस्त करून कायमची जातील, काही व्ह्यूमध्ये लिहावी लागतील, आणि दोन-चार अशी असतील जी फक्त माणूसच ओळखू शकतो. ती काकांकडेच राहू द्या. रिजेक्शनच्या व्याख्येच्या कागदावर "चुकला तर कुणाला विचारायचं" या रकान्यात त्यांचं नाव साहेबांसमोर लिहा. नंतर नवा रिपोर्ट आणि त्यांचं एक्सेल एक पूर्ण महिना शेजारी शेजारी चालवा. फरक आला की आधी त्यांना विचारा, त्यांचंच बरोबर निघण्याची शक्यता बरीच आहे.

शॉप फ्लोअरवर जाणारे रिपोर्ट मराठीत काढा. पॉवर बीआयला देवनागरीची अडचण नाही, फक्त तुमच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये मराठी मजकुराचे कॉलम एनव्हारकार (देवनागरीसारख्या लिपीही साठवणाऱ्या) प्रकारचे ठेवा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतील. क्रिस्टलमधून काढायचं असेल तर आधी एक पान छापून जोडाक्षरं नीट येतात का ते बघा.

विक्रेता डेमोला आला की त्याचा नमुना डेटा बघत बसू नका. गोपनीयतेचा करार करून त्याला तुमच्या मागच्या महिन्याच्या बॅकअपची प्रत द्या आणि त्याच्यावर तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. एका हीट नंबरपासून सुरू करून तो माल कुठल्या चलनाने कुठल्या ग्राहकाला गेला, हे काढायचं. मागच्या तारखेची एक एन्ट्री टाकल्यावर कालचा रिपोर्ट कसा बदलतो, हे दाखवायचं. आणि तिसरी गोष्ट तुमच्या माणसाने करायची: विक्रेत्याने हात मागे घेऊन बसायचं आणि तुमच्या मुलाने एक नवा कॉलम वाढवायचा. घड्याळ लावा. तासाभरात जमलं नाही, तर उद्या तुम्ही पुन्हा कुणाच्या तरी दारात उभ्या आहात.

साहेबांच्या मोबाईलवरचा पहिला स्क्रीन पाच आकड्यांचा ठेवा: काल ओतलेले टन, काल सापडलेलं रिजेक्शन किलोत, काल ठरलेलं आणि खरंच गेलेलं डिस्पॅच, आणि ६० दिवसांवरची येणी. प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात "शेवटची एन्ट्री अमुक वाजताची" हे यायलाच हवं. पहिल्या आठवड्यात ती वेळ बघूनच ते तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला फोन लावतील. त्याला आधी सांगून ठेवा.